काळजी अंगणात करावी

सोतिबोल्दी कालव्यावर पाणी मोजायच्या नोकरीला होता. एकतीस वर्षं तो दर दोन तासांनी खांबावरच्या खुणेकडे बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि मनातल्या मनात सगळं गाव वाहून गेलेलं पाहायचा. एवढ्या वर्षांत कालवा एकदाही फुटला नाही. एकदा त्यात एक गाढव पडलं, ते आपलं आपण बाहेर आलं आणि चरायला लागलं. पण सोतिबोल्दीचं म्हणणं असं, की आपण लक्ष ठेवलं म्हणून फुटला नाही. निवृत्त झाल्यावर मोजायला पाणी उरलं नाही, तेव्हा त्याने बाकीचं मोजायला घेतलं. द्राक्षाच्या मांडवाचा कल, न्हाणीच्या भिंतीतली भेग, बायकोचा रक्तदाब.

बायकोच्या, म्हणजे इनोयतच्या, पित्ताशयात खडे झाले होते. तिला शहरातल्या इस्पितळात ठेवून आठवडा झाला आणि शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलावी लागली, कारण रक्तदाब खाली यायचं नाव घेईना. तिथली डॉक्टरीण वयाने लहान पण नजरेने तयार होती. तिच्या लक्षात आलं, की रक्तदाब सकाळी सात वाजता ठीक असतो, नऊला चढलेला असतो, आणि साडेआठला नवरा येतो. नवरा येतो, खाटेशी बसतो, बायकोच्या तोंडाकडे बघून सुस्कारा सोडतो, रंग उतरलाय म्हणतो आणि शेजारच्या खाटेवर कालपर्यंत होती ती बाई आज का दिसत नाही याची चौकशी करतो. ती बाई बरी होऊन घरी गेली होती, पण ते त्याला पटत नव्हतं. शेवटी डॉक्टरीण इनोयतला म्हणाली, की औषध लिहून द्यायचं तर मी एवढंच लिहीन, की काकांना घरी पाठवा.

नुसतं जा म्हटलं असतं तर सोतिबोल्दी गेला नसता, इस्पितळाच्या फाटकाशी बसून राहिला असता. इनोयत त्याला चांगली ओळखून होती. तिने त्याला रेशमाच्या अळ्या सोपवल्या.

त्या गावात वसंत आला की घरोघरी माणसं एका खोलीत गोळा होतात आणि घरातली मोठी खोली अळ्यांना मिळते. इनोयतच्या हातून एकोणतीस वसंतांत अळ्यांच्या अंड्यांची एकही पेटी वाया गेली नव्हती. सगळ्या गल्लीत असं दुसरं घर नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतः कधी बोलायची नाही, पण दुसऱ्या कुणी बोललं तर ऐकायला थांबायची. या वर्षी अळ्या घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या पोटात कळ उठली. ती इस्पितळात गेल्यापासून शेजारची मुकद्दस खाला येऊन पाला घालत होती, पण खालाचं वय ऐंशी आणि गुडघे त्याहून म्हातारे.

"तीन गोष्टी लक्षात ठेवा," इनोयत खाटेवरून म्हणाली. "कांदा-लसूण खाऊन आत जायचं नाही, अत्तर नाही, धूर नाही. पाला ओला घालायचा नाही. आणि त्या खोलीत काळजी करायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सुस्कारे नाहीत. 'आता कसं होणार' नाही. कपाळाला हात नाही. अळीला सगळं कळतं, ती खायची थांबते. काळजी करायची झाली तर अंगणात जाऊन करा, हात धुवा, मग आत या."

तिने चौथी गोष्टही सांगितली होती. पण तेव्हा सोतिबोल्दी तिच्या नखांचा रंग बघण्यात गढला होता. नुसती मान हलवत राहिला, आणि मान हलवणाऱ्याने ऐकलंय असं आपण धरून चालतो.

घरी आला आणि त्याने पहिल्यांदाच त्या खोलीत नीट पाऊल टाकलं. आजवर वसंतात त्याला तिथे मज्जावच असायचा. इनोयत म्हणायची, तुमच्या एका सुस्काऱ्याने माझी एक चटई जाते. भिंतीला लागून तीन मजली मांडणी, तिच्यावर बोरूच्या चटया, चटयांवर तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर हजारो पांढुरक्या अळ्या, सगळ्या एकाच कामात. आत येणारा आवाज फार बारीक होता, मंद आचेवर तीळ तडतडावेत तसा. पाला घालायचा दिवसातून पाच वेळा. पहाटे सहाला फांद्या तोडायच्या, दव पुसायचं, सावलीत पसरायच्या, वाळल्या की आत न्यायच्या, जुने देठ उचलायचे, आणि हे आटोपेपर्यंत दहाची वेळ व्हायची.

पहिल्या दिवशी तो अकरा वेळा अंगणात गेला. अंगणातून वाहणाऱ्या पाटाच्या कडेला उभं राहून मोठ्याने काळजी करायचा, कारण मनात केलेली काळजी हात धुऊन जाईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. भूल जास्त झाली तर काय, कमी झाली तर काय, वीज गेली तर काय, डॉक्टरणीचं लग्न ठरलं आणि ती मध्येच निघून गेली तर काय. भिंतीपलीकडून मुकद्दस खाला सगळं ऐकायची.

"आज काय काय बुडालं रे?" ती विचारायची.

खालाला असं बोलायचा हक्क होता. सोतिबोल्दीच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा मृत्यूला चकवायला आईने त्याला खिडकीतून शेजारी विकलं आणि टोपलीभर कोंडा घेतला. तीन दिवसांनी परत विकत आणलं आणि नाव ठेवलं सोतिबोल्दी, विकलेला. तो ज्या घरी विकला गेला ते खालाचं घर. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि हे पोर रडून रडून तीन दिवस कुणाला झोपू देत नव्हतं. कोंडा जरा जास्तच गेला, असं ती अजून म्हणते.

तिसऱ्या दिवशी एक गंमत झाली. जुने देठ उचलता उचलता त्याच्या मनात आलं, टाका उसवला तर? तो सवयीने सुस्कारा सोडणार, एवढ्यात हातातल्या फांदीवरच्या अळीने डोकं वर केलं. त्याने सुस्कारा गिळला. इथे नाही, अंगणात. मग दुसरी चटई, तिसरी चटई, मध्ये आणखी तीन काळज्या आल्या, त्याही त्याने बाजूला ठेवल्या. सगळं आवरून पाटापाशी जाऊन उभा राहिला, तर चारांपैकी तीनच आठवल्या. चौथी काही केल्या सापडेना. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, मांडवाकडे बघितलं, भेगेकडे बघितलं. ती कशाबद्दल होती कोण जाणे, आणि ती राहून गेली याचीच त्याला मोठी काळजी लागली. तेवढ्यात दोनच्या पाल्याची वेळ झाली.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीचा, गवहरचा, इस्पितळातून फोन आला. उद्या सकाळी नऊला नक्की. आईचा रक्तदाब एकशे पंचवीस, पाच दिवसांत एकदाही चढला नाही.

"पाच दिवस म्हणजे मी आल्यापासून," सोतिबोल्दी म्हणाला.

गवहर म्हणाली, की फोन ठेवते, नर्स बोलावतेय.

आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. पाच दिवस उद्या हा कुठेतरी लांब होता, आता तो दारात येऊन उभा राहिला होता. तो अंगणात गेला, पण काळजीला शब्दच फुटेनात. एकच गोष्ट मनात होती आणि ती मोठ्याने बोलायची त्याची छाती होत नव्हती. ती उठली नाही तर.

अशा वेळी त्याची आई काय करायची ते त्याच्या हातांना माहीत होतं. ताप आला, पाहुणे येऊन गेले, कोंबडी अंडं देईनाशी झाली, काहीही झालं तरी ती इसिरिक नावाच्या झुडपाची वाळलेली जुडी काढायची आणि घरभर धुरी द्यायची. सगळी पीडा, सगळी वाईट नजर त्या कडवट धुराने जाते. जुडी कोठीत खुंटीला होतीच. त्याने ती लोखंडी पळीत पेटवली, फुंकर मारली आणि निघाला. स्वयंपाकघर झालं, कोठी झाली, गवहरचा लग्नातला फोटो झाला. इनोयतच्या दुलया घडी घालून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून त्याने पळी तीनदा फिरवली, आणि त्याचे डोळे भरून आले. ते काही नुसत्या धुराने नाही. तसाच डोळे पुसत, तोंडाने पुटपुटत तो पुढच्या दारातून आत गेला, मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि तिसऱ्या फेरीला त्याला कळलं की आपण कुठे आहोत.

कळलं ते आवाजावरून. तीळ तडतडायचे थांबले होते.

त्याने पळी पाटात भिरकावली, खिडक्या उघडल्या, टोपीने वारा घातला. मग चटईवर वाकून बघितलं. एकही अळी खात नव्हती. पुढचा पाला तसाच पडलेला आणि सगळ्या अळ्या डोकं वर करून ताठ थिजलेल्या. बायकोने विश्वासाने हाती दिलेली एकोणतीस वर्षांची पुण्याई त्याने अर्ध्या तासात धुरी देऊन संपवली होती.

मुकद्दस खालाला त्याने जवळजवळ उचलूनच आणलं. खालाने उंबऱ्यातच नाक वर केलं.

"इसिरिक," ती म्हणाली. "अरे कर्मा."

मग ती वाकली, एका अळीजवळ डोळे नेऊन बराच वेळ बघत राहिली. पुढच्याही चटईवर बघितलं.

"झोपल्यात. चौथी झोप. आज येणारच होती, इनोयतने सांगितलं नाही तुला?"

सोतिबोल्दीला इनोयतची नखं आठवली; ती चौथी गोष्ट सांगत होती तेव्हा तो तीच बघत बसला होता, आणि नखांचा रंग काही वाईट नव्हता.

"म्हणजे जिवंत आहेत?"

"झोपल्यात म्हटलं. पण धूर खाऊन झोपल्यात. कात टाकायची असते आतल्या आत. किती उठतील ते उठल्यावर कळेल."

"कधी?"

"उद्या दुपारी. तोवर पाला नाही, हात नाही, वारा नाही. आणि जिवंत आहे का बघायला बोट लावलंस तर ती नक्की मरेल. तुझ्यासारखी माणसं बोटच लावतात, म्हणून सांगते." दारातून ती वळली. "आता करण्यासारखं काही नाही, बाळा. तुला तेच जमत नाही, मला माहीत आहे."

ती गेल्यावर त्याने खिशातला फोन काढला. इनोयतचा नंबर सगळ्यात वर होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या चाळीस वर्षांत त्याच्या मनात आलेली एकही भीती तिला सांगायची राहिली नव्हती. भीती त्याला वाटायची आणि झोप तिची उडायची, अशी त्यांच्या घरची वाटणी होती. आता सांगितलं तर रक्तदाब चढेल आणि उद्या पुन्हा पुढे जाईल. त्याला त्या क्षणी स्वतःची खरोखर लाज वाटली. त्याने फोन खिशात ठेवला. संध्याकाळी गवहरने फोन लावून दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, की सगळ्या झोपल्या आहेत. इनोयत म्हणाली, वेळेवर झोपल्या, मग मीही झोपते.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच तो अळ्यांच्या खोलीत जाऊन बसला. अंगणात जाता येत नव्हतं, कारण दार उघडलं की वारा आत शिरणार. आणि आत तर काळजी करायची नाही. अशी पंचाईत त्याच्यावर जन्मात आली नव्हती. काळजीला घरात जागाच उरली नव्हती.

सवयीने त्याने भिंतीवरचा तापमापक बघितला. पंचवीस. दहा मिनिटांनी पुन्हा बघितला. पंचवीस. मग मोजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यात जवळची एक अळी निवडली आणि तिच्याकडे बघत बसला. चटईच्या काठावरची, जरा ठेंगणी. कातडी मेणासारखी झाली होती, आतून उजेड असावा तशी. डोकं वर, वर्गात उभं केलेल्या पोरासारखं. डोक्यामागे एक लहानसा तपकिरी त्रिकोण होता, काल तो त्याला दिसला नव्हता. आपला श्वास तिला लागू नये म्हणून तो हळू श्वास घेऊ लागला. आत घेताना तुतीचा हिरवा वास यायचा, त्यामागे इसिरिकचा थोडा कडू. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. पाटाचं पाणी दगडाला लागून वळत होतं, आणि एकतीस वर्षं पाणी मोजणाऱ्या माणसाला पाण्याचा आवाज असा असतो हे तेव्हा कळलं.

या वेळी इनोयत पण अशीच असेल, त्याच्या मनात आलं. निपचित, तोंड वर. मी बोट लावून काही होणार नाही. भीती पोटात होतीच, ती कुठे गेली नव्हती. फक्त ती त्याच्या शेजारी येऊन गुपचूप बसली होती आणि दोघं मिळून त्या ठेंगण्या अळीकडे बघत होते.

दीड वाजून गेला असेल. त्रिकोणाच्या कडेला एक चीर पडली. त्याला वाटलं भास झाला. चीर रुंदावली, तपकिरी टोपी गळून पडली, आणि अळीने आपलं नवं, फिकट, सुरकुतलेलं डोकं बाहेर काढलं. मग ती पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली, आणि जुनी कातडी पायमोज्यासारखी मागे राहून गेली. सोतिबोल्दी तोंडावर हात दाबून बसला होता. पलीकडे दुसरी हलली. वरच्या चटईवर तिसरी.

फोन थरथरला. त्याने कुजबुजत हॅलो म्हटलं. गवहर रडत होती. पण रडता रडताच ती सांगत होती, की सगळं नीट झालं, अकराला आणलं बाहेर, मघापासून लावतेय, लागतच नव्हता. आई अजून गुंगीत आहे, अधूनमधून डोळे उघडते.

त्याने पाला लगेच घातला नाही. बऱ्याचशा उठल्याशिवाय घालायचा नसतो, खाला म्हणाली होती. म्हणून तो आणखी बसला. सहाच्या सुमाराला त्याने सगळ्यात कोवळी पानं निवडली, पुसली आणि पसरली. दाराजवळच्या चटईच्या कोपऱ्यात, जिथे तो पळी घेऊन सगळ्यात जास्त रेंगाळला होता तिथल्या पन्नास-साठ उठल्या नव्हत्या. त्याने त्या एकेक उचलून बशीत ठेवल्या. त्याला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं घेऊनच तो पुढच्या चटईकडे गेला.

पुन्हा फोन आला. या वेळी आवाज जड होता, जीभ अडखळत होती.

"उठल्या का हो?"

"उठल्या," सोतिबोल्दी म्हणाला. मग विचारलं, "तू?"

"मी पण." आणि मग, "धुरी दिलीत ना?"

"खालाने सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं. मी ओळखते तुम्हाला."

"पन्नास-साठ गेल्या, इनोयत. चूक माझी."

"दर वर्षी जातात तेवढ्या." मग जरा वेळाने, "काळजी केलीत का फार?"

सोतिबोल्दीने खरोखर आठवून बघितलं. सकाळपासून तो काळजी करायला एकदाही अंगणात गेला नव्हता.

"आज राहून गेली," तो म्हणाला.

ती हसली, आणि टाका दुखला म्हणून लगेच थांबली. मग म्हणाली, ऐकवा. काय ऐकवायचं ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने फोन चटईजवळ धरला. आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू एक, दोन, दहा, आणि मग सगळ्याच खायला लागल्या, तीळ तडतडू लागले. बऱ्याच वेळाने पलीकडून तिचा झोपेतला श्वास ऐकू आला, सावकाश आणि सरळ. त्याचा हात अवघडून गेला होता, तरी त्याने तो खाली घेतला नाही.